चार काठ्यांची बायको

गार्लंड प्रुइट माझ्या दुकानात शिरला की आधी त्याचं पोट येतं, मग टोपी, आणि मग त्याचं मत. पोट आणि टोपी मी खपवून घेते. लुसाबोग तलावाच्या धक्क्यावर आमिषाचं दुकान चालवायचं म्हटल्यावर माणसांची मतं ऐकणं आलंच, तो धंद्याचा भाग आहे. पण गार्लंड मत देत नाही, तो प्रवचन झोडतो. काउंटरवर कोपर रोवायचं, फुकटची कॉफी ओतून घ्यायची, साखरेच्या चार पुड्या कॉफीत आणि दोन खिशात टाकायच्या, आणि समोर जो सापडेल त्याला मासे धरायच्या काठीवरचं रीळ ह्या विषयावर शहाणं करून सोडायचं, असा त्याचा क्रम आहे.

"रीळ म्हणजे काय?" तो विचारतो. उत्तरासाठी थांबत नाही. "खुंटी! दोरी गुंडाळून ठेवायची खुंटी. क्रॉपी म्हणजे काय देवमासा आहे, बोट ओढून न्यायला? अर्ध्या पौंडाचा जीव तो. त्याला महागडं रीळ लावणारा माणूस मला दाखवा, मी तुम्हाला मूर्ख दाखवतो."

ह्यात तो फारसा चुकत नाही, आणि तेच मला जास्त डाचतं. आमच्याकडे क्रॉपी धरायची रीतच तशी आहे. बोटीच्या नाकाशी दोन खुर्च्या शेजारी शेजारी असतात, समोरच्या लोखंडी खोबण्यांत आठ लांबच लांब काठ्या पंख्यासारख्या पसरलेल्या असतात, प्रत्येक काठीची दोरी शिशाच्या वजनाने सरळ खाली गेलेली असते, आणि पायाखालच्या विजेच्या मोटरवर बोट इतकी हळू ढकलायची की शेजारून कासवाने पुढे निघून जावं. दुरून बोट आठ पायांच्या कोळ्यासारखी दिसते, म्हणून ह्याला आम्ही कोळी करणं म्हणतो. दोरी लांब फेकायची नसते, माशाशी झुंजायचं नसतं. रिळाने दोरी ठरलेल्या खोलीवर धरून ठेवायची आणि मासा लागला की चार फेरे गुंडाळायची, एवढंच त्याचं काम. तेव्हा स्वस्त रीळ चालतं, अगदी झकास चालतं. पण स्वस्त वेगळं आणि टाकाऊ वेगळं. गार्लंडला हा फरक स्वतःच्या बाजूला बसल्यावर बरोबर कळायचा.

त्याच्या बाजूच्या चार काठ्यांवर चार काळी, एका जातीची, टपालाने मागवलेली रिळं होती. त्यांना तो दर आठवड्याला तेल द्यायचा आणि रात्री एकेकाला लोकरीच्या मोज्यात घालून झोपवायचा. बायकोच्या बाजूला काय होतं? लहान मुलांची गुलाबी रिळं. मागे बटण, वर मांजराचं चित्र. नाताळनंतरच्या सेलमध्ये टोपलीच्या तळाशी राहिलेली त्याने उचलून आणली होती. एक दाबलं की अडकायचं, दुसरं न दाबताच सुटायचं.

"तिला काय करायचंय चांगलं रीळ?" तो मला म्हणाला होता. "तिला थोडंच फिरवायचंय?"

हे मात्र खरं होतं. ओनीटाला काहीच फिरवायचं नसायचं. ओनीटा बोटीत कशासाठी असायची ते सांगते.

गार्लंड सगळी उमर गॅसचा ट्रक चालवत होता. शेतावरच्या घरांच्या टाक्या भरत फिरायचा, आणि ज्या घरात जेवणाची वेळ झालेली असेल तिथली टाकी जरा हळू भरायचा. लग्नाचं नाव काढत नव्हता. बाई म्हणजे खर्च, असं त्याचं गणित. तेव्हा तो एकटाच बोटीत बसायचा आणि एकटाच आठ काठ्या टाकायचा. मग तलावावर नियम आला, माणशी चारच काठ्या. धक्क्यावर पाटी लागली. गार्लंडने ती वाचली तेव्हा घरातलं कोणी गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला. काही दिवस भावाला घेऊन गेला, पण भाऊ बोलायचा फार आणि स्वतःच्या वाटणीचे मासे मागायचा. त्याच वर्षी गार्लंडने ओनीटाला मागणी घातली. मी ह्या दोन गोष्टी जोडत नाही. अख्खा धक्का जोडतो.

ओनीटा तेव्हा शाळेच्या स्वयंपाकघरात होती. उंच, हाडापेराने मोठी, आवाज मात्र बोळक्यातून आल्यासारखा बारीक. म्हाताऱ्या आईचं करता करता चाळिशीला आलेली. आई गेली आणि घर एकदम मोकळं झालं. गार्लंड शाळेची टाकी भरायला आला, तिच्या हातची गरम, पावासारखी बिस्किटं आणि ग्रेव्ही खाल्ली, तोंड पुसलं आणि विचारलं, "तुला पाण्याची भीती वाटते का?" ती म्हणाली, नाही. झालं, ह्यालाच मागणी म्हणायचं.

तेव्हापासून ती त्याच्या डाव्या हाताची खुर्ची भरायची. हॉइट ब्रॅम्लेट म्हणून बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा एक जण माझ्या दुकानाबाहेर पडीक असतो, त्याने तिचं नाव ठेवलं, चार काठ्यांची बायको. नाव चिकटलं.

तिच्या चार काठ्या तिच्या समोर असायच्या, पण त्यातली एक वाकली की गार्लंडचा हात तिच्या छातीवरून आडवा जायचा, काठी उचलायचा, ते फुटकं गुलाबी रीळ फिरवायचा, ते अडकलं की तिच्याकडे डोळे वटारायचा, आणि ओरडायचा, "जाळी!" की तिने लांब दांड्याची जाळी पुढे करायची. दिवसभरात तिच्याशी त्याचं बोलणं तेवढंच. जेवताना तो डब्यातले बारके सॉसेज खायचा आणि तिला खारी बिस्किटं पुढे करायचा. का, तर तिचं पोट नाजूक आहे म्हणे. शाळेच्या दोनशे पोरांचं जेवण रांधून स्वतः दोन ताटं रिचवणाऱ्या बाईचं पोट नाजूक! तिने मला कधी गाऱ्हाणं सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, "पाणी छान असतं गं सकाळी."

असंच चाललं असतं. पण गेल्या वसंतात जोड्यांची स्पर्धा झाली, तीत गार्लंडचा तिसरा नंबर आला, आणि त्याच्या नादात तो ताळ सोडून हिंडायला लागला. रविवारी चर्चच्या मागे मासे तळायचा बेत होता. मक्याच्या पिठात घोळलेले क्रॉपी, मक्याचीच गोल भजी, कोबीची कोशिंबीर, गोडमिट्ट थंड चहा. गार्लंडने आपला फोटो मोठा करून आणून टेबलावर उभा केला होता. फोटोत दोन्ही हातांत मासे घेऊन गार्लंड, आणि कडेला जाळी धरलेला एक हात. तो ओनीटाचा.

पाद्रीबुवांची बायको मर्टिस अगदी साधी बाई आहे. तिने सहज विचारलं, "अय्या, किती मोठे! ओनीटा, ह्यातला तुझा कुठला गं?"

ओनीटाने तोंड उघडलं. मग गार्लंडकडे पाहिलं.

"तिचा?" गार्लंड म्हणाला. "तिची जाळी होती की!"

सगळे हसले. ओनीटाही हसली. मग ती उठली आणि चर्चच्या मोरीत भांडी घासायला गेली. तिथे घासायला फार भांडी नव्हती, सगळं कागदी ताटांत होतं. तरी ती बराच वेळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ती पायरीवर उभी. हातात पर्स, अंगात चर्चचा कोट.

"वर्डी, रीळ दाखव."

"कसली हवीत त्याला?"

"त्याला नकोत. मला."

मी कुलूप काढायचं सोडून तिच्याकडे बघत राहिले. मग आत गेलो. सवयीने मी वरच्या फळीवरचं महागडं खोकं काढलं. तिने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं.

"ह्यात एवढं काय असतं गं?"

"आकडे. आत किती छर्रे आहेत ते बाहेर छापलेलं असतं. माशाला वाचता येत नाही. ठेव खाली."

"मग मी काय बघायचं?"

आता मला कोणी असं विचारलं की मी पण थोडी गार्लंड होते, पण इलाज नव्हता. मी खालच्या फळीवरची साधी, करडी, मुठीएवढी रिळं काढली. दिसायला काही नाही. "एक म्हणजे चारी एकाच जातीची घ्यायची," मी म्हटलं. "एक भारी आणि तीन हलकी, असा थाट नको. फेरा दिला की चारी रिळांनी सारखीच दोरी गुंडाळली पाहिजे. म्हणजे एका काठीची खोली जमली की तेवढेच फेरे बाकीच्यांना द्यायचे, डोकं लावायला नको."

"आणि?"

"आणि हे." मी एका रिळाची दोरी धरून ओढली. "ओढ तू. हळू. कसं येतंय?"

"येतंय."

"आता हे दुसरं ओढ."

ती थबकली. "हे अडखळतंय."

"म्हणून ते नको. क्रॉपीचं तोंड कागदाचं असतं. रिळाने एक हिसका दिला की तोंड फाटतं आणि मासा गेला. महागड्या खोक्यात दहाच्या दहा सारखी निघतात, पैसे त्याचे असतात. स्वस्तात तसं नाही. स्वस्त घ्यायचं तर खोक्यातलं एकेक ओढून बघायचं, लाजायचं नाही. दुकानदाराने तोंड वाकडं केलं तर करू दे."

"तू करशील?"

"मी केव्हाच केलंय. ओढ."

मग त्या बाईने कोटाच्या बाह्या सारल्या आणि भेंडी निवडावी तशी रिळं निवडली. डोळे मिटून ओढायची. हे इकडे, ते तिकडे. बाहेर तीन गिऱ्हाइकं आमिषासाठी ताटकळत होती, त्यांना मी ताटकळू दिलं.

"इतकी वर्षं बोटीत बसतेस," मी म्हटलं, "कधीच फिरवलं नाहीस रीळ?"

"एकदा. त्याची टोपी उडाली म्हणून तो मागे वळला होता. काठी वाकली. मी दोन फेरे दिले." ती रिळाकडे बघूनच बोलत होती. "त्याने पाहिलं."

"काय म्हणाला?"

"काही नाही. दिवसभर काहीच नाही म्हणाला."

तिने चार रिळं निवडली. कॅरामलचे केक करून लोकांना विकायची, त्या पैशांतून घेतली. पिशवी छातीशी धरून जाताना दारात थांबली. "एकच धरायचाय गं मला," ती म्हणाली. "माझा म्हणून. कोणी विचारलं तर बोट दाखवता येईल असा एक."

मला तेव्हाच सांगता आलं असतं की ह्या माणसाकडून एक सुद्धा सुटणार नाही. पण तिचा चेहरा बघून मी जीभ आवरली.

दोन दिवसांनी पहाटे ती दोघं धक्क्यावर आली. गुलाबी रिळं गेली होती, तिच्या बाजूला करडी लागली होती. गार्लंड छाती काढून माझ्या खिडकीशी आला.

"बघितलंत का, मिस वर्डी? शेवटी शिरलं तिच्या डोक्यात. स्वस्त आणि मस्त! मी वर्षानुवर्षं हेच सांगत होतो."

"हो ना, मांजराचं चित्र तेवढं राहिलं," मी म्हटलं.

त्याला टोमणा लागला नाही. त्याला काही लागतच नाही, मध्ये चरबी फार आहे.

त्या दिवसांत क्रॉपी अंडी घालायला काठाशी येतो, म्हणून बोट लांब गेली नव्हती. मी आमिषाच्या मासळीच्या टाकीचं पाणी बदलत होते. पाणी स्थिर असलं की आवाज सरळ धक्क्यापर्यंत येतो. तिची कडेची काठी वाकली. तिचा हात उठला. त्याआधी गार्लंडचा हात आडवा गेला.

"ही माझी आहे, गार्लंड."

"बोट कोणाची आहे?"

"बोट तुझी. काठी माझ्या बाजूची."

"काठी पण माझीच आहे. तुझं काय ते रीळ."

"मग रीळ मी फिरवते."

"तू त्याचं तोंड फाडशील. हो बाजूला. हो म्हणतो ना! जाळी!"

मी हातातली बादली खाली ठेवली. काठीच्या टोकाला मासा वर आला होता, चांगला मोठा, पाण्याबाहेर लटकत होता. जाळी ओनीटाच्या मांडीवर होती. दोन्ही हात त्या जाळीवर होते, आणि ते हात हलले नाहीत.

"जाळी! बहिरी झालीस का? जाळी!"

मासा एकदा वळवळला, तोंड फाटलं, आणि तो पाण्यात गेला. मग बोट वळली.

धक्क्याला लागल्यावर ओनीटा उतरली. काठ्या त्याच्या होत्या, त्यांना तिने हात लावला नाही. एकेका काठीवरचं आपलं रीळ काढून तिने कोटाच्या खिशांत भरलं. दोन इकडे, दोन तिकडे.

"म्हणजे मी आता चारच टाकायच्या?" गार्लंड बोटीतून ओरडला. अख्खा धक्का ऐकत होता. बायको बोट सोडून चालली त्याचं त्याला काही नव्हतं. "हंगाम चाललाय, ओनीटा! आत्ता मासा काठाला आहे!"

तिने मागे पाहिलं नाही. हॉइट इंजिनाखालून बाहेर येऊन टोपी काढून उभा राहिला. तो टवाळ माणूस कोणासाठी टोपी काढेल हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी दुकान हॉइटच्या गळ्यात मारून मी तिला माझ्या बोटीत घेतलं. माझ्या जुन्या काठ्यांवर तिची रिळं चढवली. पहिली काठी वाकली तसा तिने असा झटका दिला की बोट हलली. तोंड फाटलं, मासा गेला.

"ओनीटा, लाकूड नाही फोडायचं आपल्याला."

"कळलं."

काही कळलं नव्हतं. दुसरा गेला. तिसऱ्याने दोरी शेजारच्या दोरीत गुंतवली आणि मग गेला. चौथ्याला ती घाबरून इतकी हळू की तो आपणहून कंटाळून सुटला. चर्चमध्ये भजनाला पुढे उभी राहणारी ही बाई अशी एक शिवी हासडून बसली की मी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी बोटीत आहे का म्हणून. गार्लंडचं एक भाकीत तेवढं खरं ठरलं होतं, ती तोंडं फाडत होती. पण शिकायला फाडावीच लागतात. त्याने पण कधीतरी फाडली असतील, कोणाच्या तरी आडव्या हाताशिवाय.

मग एक आला. ह्या वेळी तिने काठी नुसती उचलली आणि फेरे देत राहिली, ओठ घट्ट मिटून. मी जाळी खाली घातली आणि मासा आत. चंदेरी, काळ्या ठिपक्यांचा, मासा ठेवून घ्यायच्या नियमापेक्षा बोटभर जास्तच लांब. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ बघत बसली. मला वाटलं रडेल.

"एवढासा?" ती म्हणाली. "वर्डी, ह्याला तर वजनच नाही. ह्याच्यासाठी तो एवढा ओरडत होता?"

आणि ती हसायला लागली. तेवढ्यात पलीकडून गार्लंडची बोट गेली. एका बाजूला चार काठ्या, दुसरी बाजू रिकामी, एकीकडचे पाय मोडलेल्या खेकड्यासारखी. तो आमच्याकडे बघत नव्हता, म्हणजे बघत होता.

संध्याकाळी तिने मासा घरी नेला, तळला आणि गार्लंडच्या ताटात वाढला. हे तिने मला नंतर सांगितलं. ती म्हणाली, "हा मी धरला." त्याने सगळा खाल्ला, काटे ताटाच्या कडेला रचले आणि म्हणाला, "मीठ कमी आहे."

पुढचे दोन आठवडे गार्लंडने डावी खुर्ची भरायला माणूस शोधला. मला एवढी करमणूक बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. हॉइटला विचारलं. हॉइट म्हणाला, "माझं पोट नाजूक आहे, खारी बिस्किटं सोसत नाहीत." भावाला फोन केला, भावाने वाटणी विचारली. एका निवृत्त पोस्टमनला घेऊन गेला, तो तासाभरात पोहत काठावर जातो म्हणायला लागला. शेवटी माझ्याकडे आला.

"मिस वर्डी, तुम्ही नुसतं बसायचं. काही म्हणजे काही करायचं नाही."

"नुसतं बसायला माझं घर आहे, गार्लंड. तिथे ओरडायला कोणी नाही."

तरी हंगाम हातचा जात होता आणि त्याचा जीव तीळतीळ तुटत होता, हे दिसत होतं. शनिवारी पुन्हा जोड्यांची स्पर्धा. एकट्याला प्रवेशच नाही. शुक्रवारी तो काउंटरवर नेहमीसारखा कोपर रोवून उभा होता, पण प्रवचन नव्हतं. हॉइट होता, आणखी दोघे-तिघे होते. दार उघडलं आणि ओनीटा आली. चर्चचा कोट नव्हता, माझ्याकडचं जुनं जाकीट होतं, त्यावर खवले चिकटलेले.

ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. आवाज तोच, बोळक्यातला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"गार्लंड, उद्या मी येते. आठ काठ्या टाक."

त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याची कीव यायच्या बेतात होती. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी म्हटलंच होतं ह्यांना, येईल म्हणून."

"ऐक. माझ्या चार मी बघेन. मासा लागला तर मी ओढेन. सुटला तर माझा सुटला. तुला लागला तर मी जाळी धरेन. मला लागला तर तू धरायची."

मी गार्लंडला काही आजपासून ओळखत नाही. त्याच्यासारख्याला आणखी चार काठ्या दिल्या तर तो चर्चमध्ये उलटा लटकेल. तो हो म्हणणार ह्यावर मी माझं दुकान लावलं असतं. जाळी धरायला काय लागतं? दोन हात लागतात, आणि ते त्याला आहेत.

त्याने कॉफीत पाहिलं. मग तिच्या जाकिटावरच्या खवल्यांकडे पाहिलं.

"आणि तोंड फाडलंस तर?"

"तर फाडलं."

तो जबडा हलवत उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने टोपी खाली ओढली.

"नको," तो म्हणाला. "मी आपला चारच टाकेन."

"उद्या जोडीशिवाय घेत नाहीत, गार्लंड," हॉइट म्हणाला. ह्या वेळी तो टवाळी करत नव्हता.

"मग नाही घेणार."

आणि तो निघून गेला. त्याच्या ट्रकचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला. हॉइट आणि बाकीचे एकेक करून बाहेर सटकले. अशा वेळी पुरुषांना अचानक इंजिनं आठवतात.

मी इतकी वर्षं त्या माणसाला लोभी म्हणत आले. लोभी माणसाचा मला मनस्वी तिटकारा आहे. पण लोभी असता तर तो हो म्हणाला असता. ह्याने मासे सोडले, स्पर्धा सोडली, अर्धी बोट रिकामी ठेवली, पण तिच्या हातात काठी आणि आपल्या हातात जाळी हे त्याला सोसवेना. ह्याला काय म्हणतात ते मला माहीत नाही. लोभ त्यापेक्षा बरा.

ओनीटा आमिषाच्या टाकीशी उभी होती, माझ्याकडे पाठ करून. मला काहीतरी तिखट बोलायचं होतं, तेवढंच तर मला येतं.

"वर्डी," ती म्हणाली, "बायको नको असेल हे मला माहीत होतं गं. मला वाटलं, काठ्या तरी हव्या असतील."

मग तिने बाही वर केली, टाकीत झारा घातला आणि बारीक मासळी स्वतःच्या बादलीत काढायला लागली. "उद्या आपल्या दोघींची जोडी घेतील ना?" तिने विचारलं.

"न घेऊन जातील कुठे," मी म्हटलं, आणि तिच्यासाठी बादली धरली.